मदत हवी आहे : कौलारू घरातली खोली कमी खर्चात उबदार कशी ठेवावी?

नमस्कार. कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या आमच्या जुन्या कौलारू घरात थंडीच्या दिवसांत पहाटेचा वारा कौलांच्या फटींतून थेट सासूबाईंच्या खोलीत उतरतो आणि त्यांचे गुडघे आखडतात. २००० वॉटचा हीटर पूर्ण क्षमतेने चालवल्यास तासाला २ युनिट वीज घेतो, त्यामुळे तो रात्रभर लावणे परवडत नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणे तर जिवावर बेतू शकते, म्हणून तो पर्याय कृपया सुचवू नये. (अंघोळीच्या पाण्याची चिंता नाही, परसातला बंब अजून ठणठणीत आहे.) कौलांखाली प्लायवुडचे छत करून घ्यावे, की जाड पडदे लावून दाराखालची फट बुजवणे पुरेल? असे छत कोणी केले असल्यास पावसाळ्यात त्याला ओल धरते का आणि वर उंदरांचा वावर वाढतो का, हे कृपया सविस्तर कळवावे.