एजन्सी नर्स लोकहो, बदललेल्या पॉलिसी तुम्हाला कळतात तरी कशा?

फिरती_सिस्टर

नमस्कार मंडळी. नर्सिंगमध्ये अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची तीन एजन्सीतून. म्हणजे आज इथे, परवा तिथे, कधीकधी एका आठवड्यात तीन वेगळी हॉस्पिटलं. कामाचं टेन्शन नाही, काम येतं. टेन्शन आहे ते नियमांचं, सारखे बदलतात आणि बदलले हे मला सगळ्यात शेवटी कळतं.

मागच्या महिन्यातलं सांगते. एका आजींची कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत ठेवतात ती बारीक नळी) चौथ्या दिवसाची होती, जागा एकदम स्वच्छ, लाली नाही सूज नाही, फ्लश (नळी चालू आहे का बघायला सोडतात ते सलाईन) पण छान जात होता. पण माझ्या डोक्यात आधीच्या हॉस्पिटलचा नियम फिट बसलेला, ७२ ते ९६ तास झाले की जुनी काढायची नवीन लावायची, म्हणून मी काढली आणि मग शीर काही मिळेना. दोनदा मी टोचलं, मग तिथल्या सिस्टरने एकदा, तेव्हा कुठे लागली. आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं तोंड भिंतीकडे केलं. हँडओव्हरला इन्चार्ज म्हणाल्या, "अगं आपल्याकडे तास मोजून बदलणं कधीच बंद झालंय, मेल आला होता ना सगळ्यांना." सगळ्यांना म्हणजे स्टाफला हो. माझा तिथे आयडीच नाही तर मेल येणार कुठे?

माझं चुकलं, विचारायला पाहिजे होतं, मान्य. पण दर गोष्ट विचारत बसलं की "एवढा अनुभव सांगताय आणि हे माहीत नाही?" हे पण ऐकावं लागतं. तर जे एजन्सीत आहेत ते हे सगळं सांभाळतात कसं? ॲप, ग्रुप, वही, जे काही असेल ते सांगा. फक्त "वाचन वाढवा" नको, वाचते मी.

आठ_वर्षं_एजन्सीत

अगं तुझ्यासारखंच माझं पहिली दोन वर्षं झालंय, कॅन्युलाच्या जागी कॅथेटर (लघवीची नळी) होतं एवढाच फरक.

मला ज्याने फायदा झाला ते सांगते. आपण सगळ्यालाच "पॉलिसी" म्हणतो ना, तिथेच घोळ आहे. कायदा, रजिस्ट्रेशन, रिन्यूअलचे नियम हे एक. ते सावकाश बदलतात, आणि आपल्या नर्सिंग कौन्सिलकडून थेट कळतात, त्यासाठी हॉस्पिटल लागत नाही, कौन्सिलकडे आपला फोन नंबर आणि मेल चालू आहे ना एवढं बघ (माझा चार वर्षं जुना नंबर होता, रिन्यूअलची आठवण कुणा दुसऱ्याच माणसाला जात होती). दुसऱ्या त्या मोठ्या क्लिनिकल गाईडलाईन्स. त्यांना वेळापत्रक असतं, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. सीपीआरचंच घे (हृदय बंद पडलं की छाती दाबून श्वास देतात ते), मोठा बदल दर पाच वर्षांनी, २०१०, २०१५, २०२०, २०२५. २०१० ला आधी श्वास देण्याऐवजी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं, आलं, २०१५ ला वेगाला वरची मर्यादा आली, मिनिटाला १०० ते १२०, आणि खोलीला पण, ५ सेंटिमीटर तरी पाहिजे पण ६ च्या पुढे नको. त्याआधी शिकलेले लोक अजून "जेवढं जोरात तेवढं चांगलं" म्हणून दाबत सुटतात, मी स्वतः बघितलंय. तर वर्षातून दोनदा अर्धा दिवस बसायचं आणि आपल्या कामाच्या चार-पाच गाईडलाईन्सची नवी आवृत्ती आलीये का एवढंच बघायचं. सगळ्या जगाचं नाही बघायचं, वेड लागेल.

आणि तिसरी म्हणजे त्या हॉस्पिटलची स्वतःची पॉलिसी. तुझी कॅन्युला तिथली. ही कुठल्याही मंगळवारी बदलते आणि बाहेर कुठेच छापून येत नाही, त्यामुळे कितीही वाचलंस तरी घरी बसून कळणार नाही. ती तिथेच जाऊन विचारावी लागते.

मी वही ठेवते. दर हॉस्पिटलला दोन पानं. कॅन्युला, कॅथेटर, कुठल्या औषधांना दोन सिस्टरची सही, तब्येत बिघडली तर कोणाला आणि कोणत्या नंबरवर, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, आयसोलेशनची पाटी. आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख. दोन महिन्यांनी परत त्याच ठिकाणी गेले तर जुनी ओळ खरी धरत नाही, फक्त काय काय विचारायचं याची आठवण म्हणून वापरते. पेशंटचं नाव-गाव त्या वहीत चुकून पण नाही हां.

आणि विचारायचं कसं, त्यात पण फरक आहे. "कॅन्युला कधी बदलायची?" म्हटलं की आपण नवशिके दिसतो. "मी दोन ठिकाणी दोन पद्धती बघितल्यात, तुमच्याकडे तास धरून आहे का जागा बघून?" असं म्हटलं की समोरची बाई नीट उत्तर देते.

रात्रपाळी_ब्रदर

ताईंनी वहीचं बरोबर सांगितलं. मी फक्त ग्रुपबद्दल बोलतो कारण त्यात मी तोंडावर आपटलोय.

आमचा एजन्सीवाल्यांचा एक ग्रुप आहे, दोनशेच्या वर लोक, रोज कोणीतरी प्रोटोकॉलचा फोटो टाकतं. फोटो वरून कापलेला, खालून कापलेला, कुठल्या हॉस्पिटलचा पत्ता नाही, तारीख नाही, आणि खाली पन्नास अंगठे. मी असाच एक ऑब्झर्व्हेशन चार्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला होता आणि स्कोअर त्यावरून काढायचो. नंतर कळलं तो जुना न्यूज होता (पेशंटची तब्येत किती बिघडतेय त्याचे मार्क काढायचा चार्ट), नवा न्यूज टू २०१७ पासून आहे. दोन्हीत मोजायच्या गोष्टी बहुतेक त्याच, म्हणून फरक पटकन कळला नाही. पण नव्यात पेशंट नव्याने गोंधळलेला वाटला तर त्याचेच सरळ ३ मार्क लागतात, जुन्यात तो रकानाच नव्हता. आणि ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साईड साठतो, म्हणजे सीओपीडीतले (फुफ्फुसाचा जुनाट आजार) काही पेशंट, त्यांच्यासाठी ऑक्सिजनची वेगळी पट्टी आहे, ८८ ते ९२ टक्के. जुन्या चार्टने मोजलं तर असा माणूस ९० वर छान असताना सुद्धा स्कोअर वर दाखवणार आणि आपण ऑक्सिजन वाढवायला धावणार, आणि त्याला नको असतं तेच नेमकं करणार. आणि ती दुसरी पट्टी वापरायची की नाही हे पण आपण नाही ठरवायचं, डॉक्टरने लिहिलेलं पाहिजे.

तेव्हापासून एक सवय लावली. कुठलाही कागद हातात आला की आधी तळ बघायचा. तिथे बारीक अक्षरात आवृत्ती नंबर आणि रिव्ह्यूची तारीख असते. नसेल तर तो कागद माझ्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर, बाकी काही नाही. ग्रुपवरून मी फक्त "अरे काहीतरी बदललंय वाटतं" एवढंच घेतो, पुढे जाऊन मूळ शोधतो.

ॲपचं म्हणाल तर मी तीन टाकली होती, नोटिफिकेशनने जीव खाल्ला, तिन्ही काढली.

जुनी_इन्चार्ज

मी दुसऱ्या बाजूने बोलते, इन्चार्ज म्हणून बरीच वर्षं झाली.

फिरती सिस्टर, त्या बाई "मेल आला होता ना" म्हणाल्या तिथे चूक तुमची कमी आणि आमची जास्त. आम्ही सर्क्युलर काढतो, स्टाफच्या सह्या घेतो, फाईल लावतो आणि मोकळे होतो. त्या सह्यांच्या यादीत एजन्सीचं नाव कधीच नसतं. आणि रात्रीच्या ड्युटीला तर अर्धा वॉर्ड एजन्सीवर चाललेला असतो! आमच्याकडे अशाच एका प्रकारानंतर मी ट्रॉलीच्या आत एकच पान चिकटवायला लागले, मागच्या तीन महिन्यांत काय बदललं फक्त तेवढं, मोठ्या अक्षरात, सात-आठ ओळी. पूर्ण मॅन्युअल द्यायचे पूर्वी, ते कोण वाचणार शिफ्टच्या आधी, मी स्वतः वाचलं नसतं. तुम्ही नवीन ठिकाणी गेलात की "मॅन्युअल कुठंय" विचारू नका, "एवढ्यात काय बदललं" हे विचारा, उत्तर दोन मिनिटांत मिळतं. आणि पॉलिसी कॉम्प्युटरवर असतात तिथे पाहुण्यांचं लॉगिन काही ठिकाणी निघतं, फक्त कोणी मागत नाही म्हणून देत नाहीत.

कॅन्युलाबद्दल थोडं, कारण हा गोंधळ एकट्या तुमचा नाही. ७२-९६ तासांचा जो आकडा आहे ना, तो अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथली सरकारी आरोग्य संस्था) २०११ च्या गाईडलाईनमध्ये असा आहे की मोठ्या माणसांमध्ये त्यापेक्षा लवकर रूटीन म्हणून बदलायची *गरज नाही*. लोकांनी वाचताना ते "त्या वेळेला बदललीच पाहिजे" असं केलं आणि तसंच पुढच्यांना शिकवलं. लहान मुलांच्या बाबतीत तर तिथेच लिहिलंय की कारण असेल तरच बदला. नंतर कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधन तपासणारी संस्था) बऱ्याच ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, तास धरून बदलल्या काय किंवा जागा बघून बदलल्या काय, शीर सुजण्यात किंवा इन्फेक्शनमध्ये ठळक फरक दिसला नाही. म्हणून बरीच हॉस्पिटलं जागा बघून बदलण्यावर आली. पण याचा अर्थ विसरून जायचं असा नाही हं, उलट दर शिफ्टला जागा बघून लिहावी लागते आणि गरज संपली की त्याच दिवशी काढायची. आता जिथे अजून तासांचा नियम आहे तिथे तुम्ही "कॉक्रेन असं म्हणतं" म्हणून परस्पर ठेवलीत तर ते पण चालणार नाही, त्या वॉर्डात त्या वॉर्डाचा नियम. पटत नसेल तर मला सांगा, माझ्या वरच्यांना मी सांगेन.

माझा एक प्रश्न, त्या दिवशी इन्सिडेंट रिपोर्ट (काय चुकलं त्याची लेखी नोंद) टाकलात का?

हिशोब_पाहिजे

सगळे सिस्टरने काय करायचं तेच सांगतायत, वही ठेवा, अर्धा दिवस बसा, लवकर जाऊन विचारा. त्या वेळेचे पैसे कोण देतं? स्टाफला अपडेटचं ट्रेनिंग ड्युटीत मिळतं, आपल्याला स्वतःच्या सुट्टीत. आणि एजन्सी काय करते, वर्षातून एकदा ऑनलाईन क्विझ पाठवते, वीस प्रश्न, पास होईपर्यंत परत परत देता येते, उत्तरं ग्रुपवर फिरत असतात, सर्टिफिकेट डाऊनलोड झालं की एजन्सीची फाईल पूर्ण. हात धुण्याचं क्विझ मी बसमध्ये उभ्याने दिलंय.

माझं म्हणणं, एजन्सीला लेखी विचारा की हॉस्पिटलच्या बदललेल्या पॉलिसी आम्हाला कळवायची जबाबदारी कोणाची, तुमची का हॉस्पिटलची? दोघांच्या करारात कुठेतरी असतं ते. मी मेल टाकला तेव्हा आधी उडवाउडवी केली, दुसऱ्या मेलनंतर पहिल्या शिफ्टच्या आधीचा अर्धा तास ओरिएंटेशन म्हणून पगारात धरायला लागले. सगळीकडे होईल असं नाही, पण न विचारता तर नक्कीच होणार नाही.

आठ_वर्षं_एजन्सीत

@हिशोब_पाहिजे पैशाचं शंभर टक्के बरोबर, मागायलाच पाहिजे. पण ते मिळेपर्यंत काय, आजींना टोचायचं का? रजिस्ट्रेशन माझ्या नावावर आहे, एजन्सीच्या नाही. उद्या काही झालं तर "मला कोणी कळवलं नाही" याने अर्धंच निभावतं, कारण पुढचा प्रश्न येतो "तुम्ही विचारलंत का?" म्हणून मी आल्या आल्या कोणाला विचारलं आणि काय सांगितलं ते पण लिहिते, वेळेसकट.

हिशोब_पाहिजे

दोन्ही करा म्हणतोय मी. फक्त आपणच करत राहिलो तर त्यांना सवय लागते.

फिरती_सिस्टर

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांना थँक्यू.

@जुनी_इन्चार्ज नाही टाकला होता रिपोर्ट. खरं सांगायचं तर घाबरले, वाटलं माझंच नाव खराब होईल आणि तिथल्या शिफ्ट बंद होतील. काल टाकला, उशिराच, पण टाकला. त्यात "एजन्सी स्टाफला बदल कळवण्याची सोय नाही" असं सरळ लिहिलं, रागाने नाही, नुसतं काय झालं ते. आज तिथल्या इन्चार्जचा फोन आला. मला वाटलं आता बोलणी बसणार, तर त्या विचारत होत्या की एका पानावर काय काय लिहिलं तर तुम्हाला उपयोग होईल. मी तुमची ट्रॉलीवाली आयडिया सांगून टाकली, चालेल ना? 😅

@हिशोब_पाहिजे एजन्सीला मेल केला. अजून उत्तर नाही. दुसरा पण करणार.

७२-९६ चं वाचून डोकं धरलं मी. इतकी वर्षं उलटं पाठ केलं होतं, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या तीन मुलींना पण तेच शिकवलंय, आता त्यांना शोधून सांगायला पाहिजे. दोघींचे नंबर आहेत, तिसरीचा शोधते.

उद्यापासून नवीन ठिकाण आहे, चार शिफ्ट. वही आणली, तारीख टाकली. पहिली ओळ कॅन्युला, दुसरी इन्सुलिनला दोन सह्या लागतात का, तिसरी कोणता न्यूज चार्ट, चौथी पिशव्यांचे रंग. अजून काय राहिलं?

रात्रपाळी_ब्रदर

क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली) कुठंय ते. आणि नुसतं विचारू नका, जाऊन ड्रॉवर उघडून बघा, मला एकदा "तिथे कोपऱ्यात" सांगितलं होतं तर कोपऱ्यात लिननची ट्रॉली होती.

फिरती_सिस्टर

लिहिलं. पाचवी ओळ.