सुट्टीपुरतं छोटं घर बांधायचंय: अख्खी भिंत काचेची करावी का? सल्ला द्या

बिनभिंतीचा:
मंडळी, घरात आम्ही चौघं. वर्षातून फार तर पन्नास दिवस जाऊन राहू, असं एक छोटं घर बांधायचं मनात आहे. जागा उताराची, पश्चिमेला दरी, मागे दाट झाडी. पाऊस बक्कळ, उन्हाळाही कडक. सहाशे चौरस फुटांच्या वर जायचं नाही. डोक्यातलं चित्र असं: दरीकडची अख्खी भिंत काचेची, सपाट छप्पर, खाली एकच मोठी खोली, वर पोटमाळा. इंटरनेटवर असली घरं बघून बघून वेड लागलंय. घरचे म्हणतात, काचेच्या पेटीत राहायला आपण काय मासे आहोत?

प्रश्न तीन. काचेची भिंत कितपत झेपेल? मालवाहू कंटेनरचं घर झटपट होतं म्हणतात, ते खरं का? आणि आर्किटेक्टकडे जाण्याआधी आपलं आपण काय ठरवून जावं?

पागोळी:
तिसऱ्याचं उत्तर आधी देते, बाकीची दोन त्यातच येतात. पन्नास दिवस तुम्ही तिथे, म्हणजे उरलेले तीनशे पंधरा दिवस घर एकटं. तुम्ही पाहिलेले फोटो सगळे त्या पन्नास दिवसांतले, दारं सताड उघडी, दिवे लागलेले. कुलूप घातलेल्या घराचा फोटो कुणी टाकत नाही. मी याच धंद्यात आहे आणि असं काम आलं की पहिला प्रश्न हाच विचारते: निघताना घर बंद करायला किती वेळ काढाल? दहा मिनिटं म्हणालात तर एक घर होतं, दोन तास म्हणालात तर दुसरंच.

आता काच. तुमच्या चित्रातल्या घरांचे आजोबा म्हणजे वास्तुकार मीस व्हॅन डर रोह यांचं अमेरिकेतल्या इलिनॉयमधलं फार्न्सवर्थ हाऊस, १९५१ सालचं. एका डॉक्टरबाईंचं सुट्टीचं घर. चारी बाजूंनी काच, उघडणाऱ्या खिडक्या मात्र दोनच, त्याही लहानशा, एका टोकाला. उन्हाळ्यात आत भट्टी, थंडीत काचेवर घाम, रात्री दिवा लावला की रानातले किडे काचेवर हजर. नदीच्या पुराच्या धास्तीने घराची जमीन सव्वापाच फूट उचललेली, तरी १९५४, १९९६ आणि २००८ साली पाणी आत शिरलंच. मालकीणबाई आणि वास्तुकार कोर्टात गेले ते वेगळंच. घर देखणं आहे, त्यात वाद नाही.

तुमची काच तर पश्चिमेला. मावळतीचं ऊन इतकं खालून येतं की छप्पर कितीही पुढे काढा, ते आत घुसणारच. आतून पडदा लावून उपयोग थोडाच, कारण तोवर उष्णता काच ओलांडून आत आलेली असते. अडवायचं ते काचेच्या बाहेरच.

सुतारपक्षी:
पागोळीताईंशी सहमत. बाहेरून अडवायचं कसं, त्यासाठी वास्तुकार टॉम कुंडिग यांचं डेल्टा शेल्टर बघा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मझामा इथलं, २००५. पाया वीस बाय वीस फुटांचा, तीन मजले, पोलादी खांबांवर उभं. चारी बाजूंना दहा बाय अठरा फुटांचे पोलादी पडदे, आणि आतलं एक चाक हाताने फिरवलं की चारही एकदम सरकतात. मालक निघाले की घराची तिजोरी होते. काचेचं घर आणि बंद घर यांचा मेळ इतका सरळ घातलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ते यंत्र मात्र तुम्ही करायला जाऊ नका. दमट हवेत चार महिने न फिरवलेलं चाक पाचव्या महिन्यात फिरेल याची खात्री कोण देणार? साध्या लाकडी लूव्हरच्या, म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या, झडपा करा, घडी घालून कडेला सरकणाऱ्या. स्टुडिओ मुंबई या वास्तुकारांच्या संस्थेचं २००७ सालचं पाल्मायरा हाऊस आहे ना, नारळीच्या बागेतलं, त्याच्या लूव्हरच्या पट्ट्या ताडाच्या खोडाच्या आहेत. ऊन अडतं, वारा वाहता राहतो. तुमच्या रिकाम्या घराला नेमकं हेच हवंय: कुलूप असलं तरी श्वास चालू.

रिकामटेकडा:
सगळे काचेच्या मागे काय लागलात! माणूस दरी बघायलाच तिथे जातोय ना? मग झरोक्यातून बघायची का?

मध्यम मार्ग आहे. वास्तुकार यॉर्न उत्झॉन यांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर समुद्राच्या कड्यावर स्वतःसाठी कान लिस बांधलं, १९७१-७२ च्या सुमारास. भिंती दगडी, खिडक्या खोल खणासारख्या आणि वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या. चौकटी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला ठोकल्यात, त्यामुळे आतून चौकट दिसतच नाही, नुसता समुद्र. अख्ख्या भिंतीएवढ्या काचेतून दरी पहिल्या दिवशी दिसते, तिसऱ्या दिवशी तिचा वॉलपेपर होतो. खणातून बघायला मुद्दाम जाऊन बसावं लागतं. (हा माझा सिद्धांत. पुरावा मागू नये.)

कुलूपकिल्ली:
अनुभवाचे बोल लिहिते. आमचंही असंच घर आहे, सपाट छपराचं, वर झाडांच्या फांद्या. पहिल्याच पावसाळ्यात पानं पन्हळीच्या तोंडाशी अडकली. राहतं घर असतं तर कुणीतरी वर चढून काठीने मोकळं केलं असतं. आम्ही दीड महिन्याने गेलो, तोवर गच्चीचा तलाव आणि आतल्या भिंतीवर काळं बुरशीचं मोठं झाड. ठेकेदार म्हणाला, "छप्पर चांगलंच आहे, पानं तुमची." बोलून काय उपयोग!

दुसरी गोष्ट कुणीच सांगत नाही. न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमधलं (मोरीखालच्या, वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी काही आठवड्यांत सुकतं, मग नळीतून वास आणि झुरळं थेट घरात. निघताना ट्रॅपमध्ये पाणी भरून वर चमचाभर खाद्यतेल सोडते. तेलाच्या थरामुळे पाणी पटकन उडत नाही. आणि टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, विसरायचं नाही.

पागोळी:
कुलूपकिल्ली, तुमचा प्रतिसाद छापून ऑफिसात लावते.

@बिनभिंतीचा, म्हणून छप्पर उतरतंच घ्या. एकपाखी (एकाच बाजूला उतरणारं) चालेल, पण उतार डोंगराकडे नको, नाहीतर सगळं पाणी मागच्या भिंतीशी येऊन मुरेल. वळचण लांब ठेवा. कॅलिफोर्नियातल्या सी रँच या समुद्रकाठच्या वसाहतीचे फोटो बघून 'वळचणच नको, कसं सुबक दिसतं' असं म्हणणारे बरेच भेटतात. १९६५ च्या त्या घरांना वळचण नाही ती समुद्राच्या वाऱ्यामुळे, वारा छपरावरून सरळ घसरून जावा म्हणून. तुमचा शत्रू पाऊस आहे. त्यांचं उत्तर तुमच्या प्रश्नाला लागू होत नाही.

उतारावर डोंगर कापून सपाटी करू नका. खांबांवर घर उचला, पाणी खालून जाऊ दे. ग्लेन मर्कट यांचं ऑस्ट्रेलियातलं मेरी शॉर्ट हाऊस, १९७५ चं, अभ्यासण्यासारखं आहे: जमिनीपासून उचललेलं, वर पन्हळी पत्रा, भिंतींना हलवता येणारे लूव्हर. पत्रा घेतलात तर खाली इन्सुलेशन हवंच. नाहीतर दुपारी तवा आणि पावसात ताशा.

सुतारपक्षी:
कंटेनरचं राहिलं. बाहेरून रुंदी २.४४ मीटर, आतून साधारण २.३५. दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि आतलं आवरण लावलं की हातात सव्वादोन मीटरसुद्धा राहत नाही. खाट टाकली की वाट संपली. शिवाय त्याची ताकद कोपऱ्यांतल्या खांबांत आणि पन्हळी भिंतींत असते. दरीसाठी लांब भिंत कापलीत की आतून लोखंडी सांगाडा द्यावा लागतो. म्हणजे कंटेनर विकत घ्यायचा, कापायचा, आणि मग कापलेल्याला टेकू द्यायचा. झटपटपणा तिथेच संपतो. उताराच्या रस्त्यावरून क्रेन वर येईल का, तेही बघा.

रिकामटेकडा:
आकाराबद्दल एक. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी भूमध्य समुद्राकाठी स्वतःसाठी बांधलेली काबानों ही खोपटी, १९५१-५२, ३.६६ मीटर चौरस. झोपणं, लिहिणं, कपाट, सगळं त्यात. स्वयंपाकघर नाही, कारण शेजारचं उपाहारगृह भिंतीला लागून आणि मधे दार! तेव्हा सहाशे फूट कमी नाहीत, फक्त सगळे छपराखाली बंद करू नका. साडेतीनशेची खोली आणि उरलेली पडवी. सुट्टीत माणूस पडवीतच असतो.

बिनभिंतीचा:
बाप रे, विचारलं काय आणि मिळालं काय! सगळ्यांचे आभार. आज घरी बसून नव्याने रेघोट्या ओढल्या. दरीकडे खोल पडवी, तिच्या बाहेरच्या कडेला लूव्हरच्या सरकत्या झडपा, काच पडवीच्या आतल्या बाजूला आणि निम्म्याच भिंतीला. एकपाखी छप्पर. कंटेनर रद्द. फक्त पोटमाळा सोडवत नाही. पाहुणे आले तर?

पागोळी:
पोटमाळ्यावर छपराची सगळी गरम हवा जमते. मुलं आठवडाभर मजेत झोपतील, पाहुणे एकच रात्र. ठेवायचाच असेल तर आढ्यालगत दोन्ही टोकांना जाळी लावलेल्या खिडक्या हव्यात, आणि त्या बंद घरातही उघड्या राहतील अशा.

पाहुण्यांसाठी दुसरा विचार करून बघा. स्वीडनमध्ये १९७९ पासून आवारात दहा चौरस मीटरपर्यंतची खोपटी परवानगीशिवाय बांधता येऊ लागली, २००८ मध्ये ती मर्यादा पंधरा झाली. पाहुण्यांची खोली लोक वेगळी बांधतात, ती एरवी बंद. तुमच्याकडचा नियम आधी तपासा, पण युक्ती चांगली आहे: मुख्य घर लहान राहतं आणि रात्री कुणी कुणाच्या घोरण्यावर बोलत नाही.

बिनभिंतीचा:
हे घरच्यांना लगेच पटलं! शेवटचा बारीकसा प्रश्न. झडपांच्या कड्या आतून लावायच्या की बाहेरून?

कुलूपकिल्ली:
सगळ्या आतून, कुलूप एकाच दाराला बाहेरून. आणि मेन स्विच त्या दाराच्या हाताशी घ्या. झडपा लावल्या की आत काळोख होतो. आमचा स्विच दुसऱ्या टोकाला आहे, दर वेळी शेवटचा माणूस चाचपडत खुर्चीला धडकून बाहेर येतो.