मदत हवी आहे: तापमान फक्त ५९ अंश, तरी प्रोसेसर १.७ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर लिनक्स आहे. प्रोसेसर इंटेलचा, ४ कोरचा, १५ वॉट गटातला. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवायला, म्हणजेच बिल्ड करायला) लावला की पहिलं अर्धं मिनिट सगळे कोर ३.६ गिगाहर्ट्झला पळतात, मग ३ वर येतात, आणि पाच-सात मिनिटांत १.७ वर जाऊन बसतात ते बसतातच. चार्जर लावलेला आहे, पंखा चालतो, जाळीत धूळ नाही.

चिप तापली म्हणून वेग उतरला असता तर विचारायला आलोच नसतो. पण टर्बोस्टॅटमध्ये (प्रोसेसरचा वेग, वॉट आणि तापमान दाखवणारं साधन) दिसतं ते असं: सुरुवातीला ४० वॉट आणि ९० च्या पुढे तापमान, मग २५ वॉट आणि ७८ अंश, शेवटी १० वॉट आणि ५९ अंश. या चिपची कमाल मर्यादा १०० आहे. ४१ अंश मोकळे असताना तिला कोण दाबून धरतंय?

पहिली उतरण समजते. रॅपलच्या (प्रोसेसरची वीज आवरणारी इंटेलची सोय) दोन मर्यादा माझ्याकडे २५ वॉट (दीर्घकाळासाठी) आणि ५१ वॉट (थोड्या वेळासाठी) अशा दिसतात, सरासरीचा काळ २८ सेकंद. तेव्हा अर्ध्या मिनिटाने २५ वर येणं रास्तच. पण २५ वरून १० वर का? तिथेच घोडं पेंड खातंय.

गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग निवडणारं लिनक्सचं धोरण) बदलून काही फरक पडला नाही. प्रॉकहॉटचाही (‘तापलंय, वेग उतरव’ असं प्रोसेसरला सांगणारा सिग्नल) संशय होता, कारण चिप थंड असली तरी बोर्डावरचा दुसरा एखादा भाग तो सिग्नल देऊ शकतो. पण मर्यादेची कारणं सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये (चिपमधली नोंदीची छोटी जागा) प्रॉकहॉटचा बिट शांत आहे. लागलेला बिट आहे तो दीर्घकाळाच्या पॉवर मर्यादेचा! ती तर २५ आहे ना? जाणकारांनी कृपया सांगावं, रोजचं काम याच बिल्डवर अडून राहतं.

प्रतिसाद १

तो बिट खरंच सांगतोय. ही मर्यादा दोन जागी लिहिलेली असते: एक एमएसआरमध्ये (प्रोसेसरचं खास रजिस्टर), दुसरी मेमरी-मॅप्ड रजिस्टरमध्ये (मेमरीच्या पत्त्यावरून वाचता येणारं, म्हणजेच एमएमआयओ). दोन्हींपैकी जी कमी, ती हार्डवेअर पाळतं. तुम्ही पहिलीच वाचलीत असं दिसतं. लिनक्समधल्या पॉवरकॅपच्या (वीज-मर्यादांच्या) फोल्डरमध्ये ‘इंटेल-रॅपल’च्या शेजारी ‘इंटेल-रॅपल-एमएमआयओ’ असेल, ते बघा. आकडा मायक्रोवॉटमध्ये असतो, म्हणजे १० वॉटला १ कोटी दिसेल. बिल्ड चालू असताना तो दर काही सेकंदांनी नोंदवा, आणि सोबत सगळ्या थर्मल झोनची (लॅपटॉपमधल्या तापमान मोजण्याच्या जागांची) तापमानं घ्या. नुसती कोरची नकोत.

धागाकर्ता

सापडलं, मनापासून आभार! एमएमआयओमधला आकडा २५, २०, १५, १० असा पायरीपायरीने उतरतो. कोरच्या तापमानाशी त्याचा संबंधच नाही. दुसराच एक सेन्सर आहे, तो ४४ अंश ओलांडून वर राहिला की एकेक पायरी खाली. थर्मल-डी ही तापमान सांभाळणारी सेवा थांबवली तर आकडा २५ वरून हलत नाही. मग ती बंदच ठेवू का?

प्रतिसाद १

कृपया नको. तो सेन्सर बहुधा बाहेरच्या आवरणाजवळ किंवा बॅटरीच्या बाजूला असणार. चिपचं वस्तुमान नगण्य, त्यामुळे ती सेकंदात तापते आणि सेकंदात निवते. आवरणाला तापायला मिनिटं लागतात, तुमची पाच-सात मिनिटं तिथूनच येतात. चिपला ९० अंश चालतात. मांडीला आणि लिथियम-आयन बॅटरीला चालत नाहीत. बॅटरी सतत गरम राहिली तर तिची क्षमता लवकर घटते.

उलट करून बघा. एमएसआरमधली दीर्घकाळाची मर्यादा आधीच १६ वॉटवर आणा आणि थर्मल-डी चालूच ठेवा. कमी असेल तीच लागू होते, त्यामुळे राखण सुटत नाही.

वेग कमी करून फायदा कसा, असं वाटेल. तुमचेच आकडे घ्या. २५ वरून १० वॉट म्हणजे ६० टक्के घट, पण वेग ३ वरून १.७ म्हणजे ४३ टक्केच उतरला. स्विचिंगला लागणारी शक्ती फ्रीक्वेन्सीच्या पटीत तर वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि वरच्या वेगाला व्होल्टेजही जास्त लागतं. म्हणून वरचे वॉट फार महाग पडतात. आधी २५ उधळून मग १० वर कण्हत राहण्यापेक्षा, तेवढ्याच एकूण उष्णतेत सलग १६ वर जास्त काम उरकतं.

प्रतिसाद २

एसीपीआयचं (फर्मवेअर आणि लिनक्समधला दुवा) प्लॅटफॉर्म प्रोफाइलही बघा. ‘बॅलन्स्ड’ असेल तर ‘परफॉर्मन्स’ करा, काही मॉडेलमध्ये त्यावर मर्यादांचा तक्ताच बदलतो. अंडरव्होल्टिंगच्या (प्रोसेसरचं व्होल्टेज ठरल्यापेक्षा कमी करण्याच्या) मागे लागू नका. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट हा व्होल्टेजशी निगडित सुरक्षेचा दोष उघड झाल्यावर बऱ्याच फर्मवेअरमध्ये ती सोय बंद केली गेली.

धागाकर्ता

१६ वॉटवर सेन्सर ४३ वर स्थिरावला, वेग २.४ गिगाहर्ट्झ, आणि बिल्ड संपेपर्यंत एकही पायरी उतरली नाही. प्रोफाइल बदलल्यावर उंबरठा ४६ झाला, त्यामुळे आता १८ करून बघतोय.

एकच अडचण उरली: सस्पेंडमधून उठल्यावर मर्यादा पुन्हा २५ होते. ती परत लिहायला सिस्टम-डीची (लिनक्समध्ये सेवा चालवणारी यंत्रणा) छोटी सर्व्हिस करावी म्हणतो. कोणी केली असेल तर कृपया इथे द्या.