हॉप्सच्या वाणांची खात्रीची माहिती कुठून घ्यावी?

प्रश्न : सेलूकर

नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि अन्नतंत्रज्ञान शिकतो. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे बिअरचा विचार नाही. मला हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या) फुलांचे, मद्यार्क नसलेले थंड पेय तयार करायचे आहे. मात्र एकाच वाणाचे अल्फा आम्ल (ज्यापासून कडूपणा येतो तो घटक) एका विक्रेत्याच्या तक्त्यात पाच टक्के, तर दुसऱ्याच्या तक्त्यात सात टक्के दिलेले दिसते आणि सुगंधाची वर्णने तर एकमेकांवरून उतरवल्यासारखी वाटतात. विश्वास कशावर ठेवावा?

उत्तर : हळदवाला, समुद्रपूर

भाऊ, दोन्ही आकडे खरे असू शकतात. आमची वायगाव हळद घ्या : वाण एकच असला तरी प्रत्येक शेतातल्या आणि प्रत्येक हंगामातल्या हळदीत कुरकुमीन सारखेच भरेल असे नसते. हॉप्सचेही तसेच आहे. कॅस्केड या वाणाचे अल्फा आम्ल साधारण ४.५ ते ७ टक्के सांगतात, ती त्या वाणाची व्याप्ती होय. तुमच्या हातातल्या पाकिटाचा आकडा त्या लॉटच्या तपासणी-पत्रकातच मिळेल. विक्रेत्याकडे पीकवर्ष आणि लॉट क्रमांक आग्रहाने मागा, आणि तो देत नसेल तर माल घेऊ नका.

उत्तर : प्रयोगशाळा सहायक, यवतमाळ

वरील उत्तराशी मी सहमत आहे. वाणाची वंशावळ आणि मूळ गुणधर्म यांसाठी मात्र तो वाण ज्यांनी पैदा केला त्यांचीच नोंद पाहावी. कॅस्केड १९७२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या साथीने प्रसारित केला, त्यामुळे त्याचे वर्णन सरकारी दप्तरात आहे. जर्मन वाणांसाठी बव्हेरियातील ह्यूल येथील संशोधन केंद्र आहे. आणि सिट्रासारख्या खासगी वाणांच्या पेटंटच्या कागदपत्रांत वेलीचे व फुलांचे तपशील नोंदलेले असतात.

नावांबाबत विशेष सावध राहा, कारण बहुतेक तक्ते इथेच घसरतात. कोलंबस, टॉमाहॉक आणि झ्यूस ही तीन नावे व्यवहारात एकाच हॉप्ससाठी चालतात. ‘स्टायरियन गोल्डिंग’ हा प्रत्यक्षात स्लोव्हेनियात रुजलेला इंग्लंडचा फगल आहे, गोल्डिंग नव्हे. हॅलरटाऊ हे तर प्रदेशाचे नाव आहे, म्हणून पाकिटावर नुसते तेवढेच लिहिलेले असेल तर आतला वाण कोणता हे विचारलेच पाहिजे.

प्रश्नकर्ता : सेलूकर

दोघांचेही मनापासून आभार. माझे पेय उकळायचे नसल्यास अल्फा आम्लाचा आकडा महत्त्वाचा राहतो का?

उत्तर : प्रयोगशाळा सहायक, यवतमाळ

कमी राहतो. अल्फा आम्लाचे रूपांतर होऊन ओळखीचा कडूपणा येतो तो मुख्यतः उकळण्याने. ऐंशी अंशांखाली हे रूपांतर फार मंद असते. म्हणून तुम्ही सुगंधी तेलांचे प्रमाण आणि घटक पाहा : मर्सीन, ह्युम्युलीन, आणि साझ या वाणात ठळकपणे आढळणारे फार्नेसीन. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर लिंबाने आम्लता वाढवून घ्या, नाहीतर चव रखरखीत होते.

उत्तर : हळदवाला, समुद्रपूर

एक भर घालतो. आपल्याकडचा मे महिना लक्षात घेता साठवणूक दुय्यम मानू नका. उष्णता आणि हवा लागली की अल्फा आम्ल घटते, तेले उडतात आणि पत्रकावरचा आकडा निरर्थक होतो. पत्रकात साठवण निर्देशांक दिलेला असेल तर तो पाहा; ताज्या मालात तो ०.२५ च्या आसपास असतो आणि माल जुना होईल तसा वाढतो. पाकीट निर्वात असावे, आणि घरी आणताच फ्रीझरमध्ये ठेवावे.