[सर्व सभासद] रे: रे: पाडवा – पहिल्या स्लाईडवर नाव कोणाचं?

मंजिरी, सोमवार, रात्री ९:१०

सर्वांना नमस्कार,

पाडव्याच्या कार्यक्रमाचा मेलबर्नमधला हॉल बदलला, स्लाईड तीच राहिली. गेल्या वर्षीच्या पीपीटीत भूमीचे मूळ मालक म्हणून 'वुरुंजेरी' लोकांचं नाव आहे, ते हॉथॉर्नच्या हॉलसाठी होतं. आता आपण वेरिबीला. अनुदानाच्या अटींमध्ये योग्य ट्रॅडिशनल ओनर्सचा, म्हणजे त्या भूमीच्या मूळनिवासी मालकांचा, उल्लेख हवा असं स्पष्ट म्हटलंय आणि नंतर फोटोही जोडायचा आहे. काय लिहायचं ते उद्यापर्यंत सांगा. सुहास म्हणतोय नुसती स्लाईड कशाला, माणूसच बोलवू. चालेल, पण सुरुवातीची वेळ ढोलवाल्यांना आधीच दिली आहे, ती कोणी कापायची तेही तुम्हीच ठरवा.

मंजिरी

सुहास, सोमवार, रात्री ९:३२

माझ्या साइटवरचा फोरमन अॅबोरिजिनल आहे. एकदम भला माणूस, घरी येऊन पुरणपोळी खाऊन गेलाय. मी शब्द टाकला तर येईल, पैसे घेणार नाही. दोन मिनिटं बोलेल, शाल-श्रीफळ देऊ, फोटो काढू. विषय मिटला.

अनघा, सोमवार, रात्री १०:०५

सुहास, मिटला नाही. वेलकम टू कंट्री, म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत, करण्याचा अधिकार त्या त्या भूमीच्या ट्रॅडिशनल ओनर्सचाच. आपण जी वाचतो ती अॅक्नॉलेजमेंट, भूमी कोणाची याचा आदराने उल्लेख. ती कोणीही वाचू शकतं. तुझा फोरमन कुठला आहे ते आधी विचार.

मंजिरी, वेरिबी नदीच्या अलीकडे (मेलबर्नच्या बाजूला) बुनुरोंग, पलीकडे वडावुरुंग. आपला हॉल अलीकडे आहे, म्हणजे बुनुरोंग. मेलबर्नमधली वुरुंजेरी आणि बुनुरोंग यांची हद्द १ जुलै २०२१ पासून ठरलेली आहे. व्हिक्टोरियन अॅबोरिजिनल हेरिटेज काउन्सिलने ठरवली, आणि त्या काउन्सिलवर सगळे ट्रॅडिशनल ओनर्सच असतात. सीबीडी (शहराचा मध्यभाग), रिचमंड, हॉथॉर्न वुरुंजेरींकडे. सेंट किल्डा, आल्बर्ट पार्क, कॉलफील्ड बुनुरोंगकडे. आपल्या सेंट किल्डाच्या पिकनिकला गेली चार वर्षं चुकीचं नाव वाचलं जातंय, हे मी मागेही म्हटलं होतं.

विनायक (काका), मंगळवार, सकाळी ६:४०

मागे म्हटलं होतं, तेव्हा अध्यक्ष मी होतो, म्हणून उत्तर देतो. तेव्हा दोन्ही बाजूंचा वाद चालू होता आणि काउन्सिलच्या माणसानेच आम्हाला सांगितलं होतं की नाव न घेता मोघम वाचा.

माझा मुद्दा वेगळा आहे. मी या देशात चाळीस वर्षं आहे. दर वेळी यांचा प्रतिनिधी कोण हाच घोळ. एक जण 'हो' म्हणतो, दुसरा 'नाही'. २०२३ च्या व्हॉइसच्या (अॅबोरिजिनल लोकांची सल्लागार संस्था राज्यघटनेत घालायची का, त्या) सार्वमताच्या वेळी बघितलंत ना, 'नाही'च्या बाजूला जसिंटा प्राइस, 'हो'च्या बाजूला लिंडा बर्नी, आणि लिडिया थॉर्प म्हणते आधी ट्रीटी (सरकारशी करार) करा म्हणून 'नाही'. तिघीही अॅबोरिजिनल, तिघीही खासदार. मग सामान्य मतदाराने ऐकायचं कोणाचं? अॅटसिक ही त्यांची देशपातळीवरची संस्था होती तेव्हा निवडणुका होत होत्या, पैसा होता. काय झालं त्याचं? दोन्ही पक्षांनी मिळून गुंडाळलं. कोणी विरोध केला नाही.

आणि हॉथॉर्नचा हॉल सोडायला मी विरोध केला होता, याची नोंद इतिवृत्तात आहे.

नंदन, मंगळवार, सकाळी ७:५५

काका, तीन खासदारांची तीन मतं झाली तर घोळ कसला? आपल्या बाकीच्या खासदारांची मतं एक असतात का? तेव्हाचे विरोधी पक्षनेते पीटर डटन आणि पंतप्रधान अल्बनीझी दोघेही गोरे, तेव्हा कोणी विचारलं नाही की गोऱ्यांचा खरा प्रतिनिधी कोण.

अॅटसिकबद्दल. १९९० ला सुरू झालं, २००५ ला कायद्याने बंद. शेवटी शेवटी सगळे म्हणायचे एवढा पैसा देऊन आरोग्य सुधारत नाही. आरोग्याचा पैसा १९९५ मध्येच त्यांच्याकडून काढून आरोग्य खात्याकडे दिला होता! शिक्षण तर त्यांच्याकडे कधी नव्हतंच. आणि 'कोणी विरोध केला नाही' हे संसदेतल्या दोन मोठ्या पक्षांपुरतं. ज्यांनी मतं देऊन प्रादेशिक परिषदा निवडल्या होत्या त्यांना कोणी विचारलंच नाही.

त्याआधीही तेच. १९७३ ला व्हिटलम सरकारने सल्लागार समिती काढली, १९७७ ला फ्रेझर सरकारने ती मोडून दुसरी काढली, १९८५ ला हॉक सरकारने तीही मोडली. सरकारला नको ते बोलायला लागले की संस्था बंद. म्हणून तर व्हॉइस राज्यघटनेत हवा होता; साध्या कायद्याने निर्माण केलेलं साध्या कायद्याने मोडता येतं. सल्ला द्यायचा अधिकार होता फक्त, संसदेला अडवायचा नव्हता. मी त्या दिवशी मतदान केंद्रावर ड्यूटीला होतो. आपलेच दोन सभासद (नावं सांगत नाही) येऊन मला विचारत होते की 'हो' झालं तर आपलं घर जाईल का. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला स्वतःचं मत सांगता येत नाही, त्यामुळे मी गप्प.

साठ टक्के 'नाही'. सहाही राज्यांत 'नाही', व्हिक्टोरियातसुद्धा. 'हो' फक्त एसीटीत, म्हणजे कॅनबेराच्या प्रदेशात.

सुहास, मंगळवार, दुपारी १२:४८

फोरमनला विचारलं. हसायलाच लागला. तो क्वीन्सलँडमधल्या टाउन्सव्हिलकडचा, म्हणतो इथे मी तुझ्यासारखाच पाहुणा, दुसऱ्याच्या घरात उभा राहून 'या या' कसं म्हणू. मग चहाच्या सुट्टीत त्याने मलाच शिकवलं. व्हिक्टोरियात फर्स्ट पीपल्स असेंब्ली, म्हणजे त्यांनी निवडलेली प्रतिनिधी सभा, आहे, २०१९ पासून. सोळा वर्षांवरच्या अॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांना मत आहे. तो इथे बरीच वर्षं आहे, त्यामुळे तो मत देऊ शकतो. पण उभा राहू शकत नाही. उभं राहायला व्हिक्टोरियातल्या भूमीचा ट्रॅडिशनल ओनर असावं लागतं. मी म्हटलं, हा अन्याय नाही का? तो म्हणाला, मी उभा राहिलो असतो तर तो अन्याय झाला असता.

आता मला कळेना, हे आपल्याकडे कोणी ऐकून घेईल का. पुण्यात वीस वर्षं राहिलेल्याला नगरसेवक होता येणार नाही म्हणा बघू.

रश्मी, मंगळवार, दुपारी २:२०

मी ऑकलंडला नऊ वर्षं होते म्हणून लिहिते. तिथे, न्यूझीलंडच्या संसदेत, माओरींच्या राखीव जागा १८६७ पासून आहेत. सुरुवातीला चार, आणि त्या चारच राहिल्या थेट १९९६ च्या निवडणुकीपर्यंत, लोकसंख्या कितीही वाढो. आता सात आहेत. माओरी मतदार स्वतः ठरवतो की नाव सर्वसाधारण यादीत ठेवायचं की माओरी यादीत. मला वाटतं ऑस्ट्रेलियाने हेच करावं, साधं सोपं. इथले लोक उगाच नवीन नवीन संस्था काढत बसतात.

पाडव्याला श्रीखंड बाहेरून मागवणार की करणार? मागच्या वेळचं आंबट होतं.

प्राची, मंगळवार, संध्याकाळी ६:१५

श्रीखंडाचा वेगळा मेल करा प्लीज.

रश्मी, राखीव जागा म्हणजे साधं सोपं हे मी गडचिरोलीची असून मानायला तयार नाही. महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी. आमदार आदिवासीच असतो, पण त्याला निवडतात मतदारसंघातले सगळे, आणि तिकीट देतो पक्ष. पक्षाच्या विरुद्ध खाणीवर बोलायचं तर पुढचं तिकीट विसरा. माओरी जागांवर निदान मत माओरी देतात. इथल्या असेंब्लीतही मत फक्त त्यांचंच. हा फरक मोठा आहे.

नेव्हिल बॉनर यांचंच बघा. १९७१ ला सिनेटमध्ये आले, ऑस्ट्रेलियाच्या संसदेतले पहिले अॅबोरिजिनल सदस्य, लिबरल पक्षाचे. पक्षाच्या विरोधात मतं द्यायचे. १९८३ मध्ये पक्षाने यादीत इतक्या खाली टाकलं की निवडून येणं अशक्य. अपक्ष लढले, हरले. पक्षाचा प्रतिनिधी आणि समाजाचा प्रतिनिधी ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच माणसाच्या डोक्यावर टाकली की असं होतं. केन वायट यांनी तर अॅबोरिजिनल खात्याचं मंत्रिपद सांभाळलं, तेही स्वतः अॅबोरिजिनल असलेले पहिलेच. पक्षाने व्हॉइसला 'नाही' ठरवल्यावर २०२३ ला पक्षच सोडला.

आमच्याकडे मेंढा-लेखाची घोषणा आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. आमदार कोण हे तिथे दुय्यम. ग्रामसभा बसते, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसते. २००९ ला त्यांना सामूहिक वनहक्क मिळाले ते त्या बसण्यामुळे.

विनायक (काका), मंगळवार, संध्याकाळी ७:०२

प्राची, खाणीवर मी काहीच बोललो नाही.

नंदन, तुमची ती असेंब्ली. मतदान किती झालं ते पण सांगा की. साउथ ऑस्ट्रेलियाने स्वतःचा व्हॉइस कायदा केला, मार्च २०२४ ला निवडणूक घेतली, दहा टक्केसुद्धा लोक आले नाहीत. याला प्रतिनिधित्व म्हणायचं?

नंदन, मंगळवार, संध्याकाळी ७:१९

काका, आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेला कोरम भरावा म्हणून तुम्ही स्वयंपाकघरातून वाढपी बोलावले होते. तरी आपण तुम्हाला अध्यक्ष म्हणतोच ना.

मतदान सक्तीचं नाही, संस्था नवीन, आणि ज्यांच्या तीन संस्था डोळ्यांदेखत मोडल्या ते चौथ्यांदा रांगेत का उभे राहतील पटकन? कमी मतदान हा प्रश्न आहेच, असेंब्लीवालेही तो नाकारत नाहीत. पण बाकीच्या ऑस्ट्रेलियात मत दिलं नाही तर दंड होतो, त्या आकड्यांशी तुलना करू नका.

श्रीकांत (मॉडरेटर), मंगळवार, रात्री ८:००

वाढप्यांचा उल्लेख टाळावा. २०२३ ला याच विषयावर लिस्ट आठवडाभर बंद ठेवावी लागली होती. पुन्हा तसं नको.

अनघा, मंगळवार, रात्री १०:४४

काकांना एवढंच. तुम्ही फूट्सक्रे स्टेशनवरून रोज चढत होता, तिथल्या पादचारी पुलाला विल्यम कूपर यांचं नाव आहे. योर्टा योर्टा या अॅबोरिजिनल समाजातला माणूस, म्हातारपणी फूट्सक्रेला राहायला आले. १९३० च्या दशकात त्यांनी राजाला पाठवायचा अर्ज तयार केला: संसदेत आमचा एक प्रतिनिधी द्या. एक! १८१४ सह्या. तेव्हा अनेक लोक सरकारी रिझर्व्हवर व्यवस्थापकाच्या ताब्यात, सही केली तर रेशन बंद होण्याची भीती. अर्ज त्यांनी १९३७ ला कॅनबेराला दिला. मंत्रिमंडळाने ठरवलं की राजाकडे पाठवायचाच नाही. याच माणसाने डिसेंबर १९३८ मध्ये, जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा, स्वतःला नागरिकाचे पूर्ण हक्क नसताना, मेलबर्नमधल्या जर्मन वकिलातीवर निषेधाचा मोर्चा नेला. २०१९ च्या निवडणुकीपासून बॅटमन मतदारसंघाचं नाव कूपर झालंय. बॅटमन म्हणजे ज्याने १८३५ ला वुरुंजेरी वडीलधाऱ्यांकडून चादरी आणि कुऱ्हाडी देऊन जमीन 'घेतली', तो. त्याचा तो करारही गव्हर्नर बर्कने रद्द केला, कारण काय, तर जमीन ब्रिटिश राजाची, विकणारे तुम्ही कोण.

तेव्हा 'यांचा प्रतिनिधी कोण' हा घोळ त्यांनी घातलेला नाही. त्याच्याही आधी हीलझव्हिलजवळच्या कोरँडर्कचे लोक, सायमन वोंगा आणि नंतर विल्यम बराक, शिष्टमंडळं घेऊन चालत मेलबर्नला मंत्र्यांकडे जायचे. १८८१ ला सरकारला चौकशी बसवावी लागली, त्यांच्या साक्षी नोंदल्या गेल्या. पाच वर्षांनी, १८८६ ला, कायदा करून मिश्र वंशाच्या तरुण माणसांना तिथून बाहेर काढलं. शेती करणारे हात गेले, वस्ती मोडली. प्रतिनिधी होतेच, पण त्यांचं ऐकायचं नसलं की सरकारला दुसरे हवे असायचे.

आता ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हिक्टोरियाने ट्रीटीचा कायदा केला, नोव्हेंबरमध्ये सह्या झाल्या. राज्यांमध्ये पहिलीच. असेंब्ली त्या कायद्याने कायमची झाली. 'कायमची' हा शब्द मी जपून वापरते. विरोधी पक्ष निवडून आलो तर कायदा रद्द करू म्हणतोय आणि निवडणूक नोव्हेंबर २०२६ मध्ये आहे. नंदनने वर सांगितलेली यादी लांबायला एक निवडणूक पुरते.

रश्मी, राखीव जागा हव्यात की असेंब्ली, हे त्यांना ठरवू दे. आपल्याला फक्त कोणाच्या भूमीवर गुढी उभारतोय ते नीट लिहायचंय.

सुहास, मंगळवार, रात्री ११:०१

ताई, मग तो फोरमन नुसता जेवायला आला तर चालेल ना?

अनघा, मंगळवार, रात्री ११:०४

अरे, चालेल काय विचारतोस.

विनायक (काका), बुधवार, सकाळी ६:३५

कूपर यांचा पूल माहीत आहे. नाव वाचलं होतं, एवढं माहीत नव्हतं. वार्षिक सभेला वाढपी नव्हते, ते सभासदच होते, त्या दिवशी वाढत होते इतकंच. आणि मोघम वाचायचा सल्ला मी दिला नव्हता, काउन्सिलच्या माणसाने दिला होता.

मंजिरी, बुधवार, सकाळी ९:१५

ठरलं ते लिहिते. बुनुरोंग लँड काउन्सिलकडे बुकिंगची विनंती पाठवली आहे. त्यांच्याकडून कोणी वडीलधारी येणार असतील तर मानधन मंडळाच्या सांस्कृतिक निधीतून जाईल. शाल-श्रीफळ नको, आधी त्यांना विचारू. स्मोकिंग सेरेमनी (पाला जाळून धुराने करायचा त्यांचा स्वागतविधी) हॉलच्या आत होणार नाही, कारण हॉलवाल्यांनी आपली कापराची आरतीही मुश्किलीने मान्य केली आहे. करणार असतील तर बाहेरच्या लॉनवर, गुढीशेजारी, आणि त्या वेळी ढोल बंद. पथकप्रमुखांशी मी बोलले, त्यांनी स्वतःची पाच मिनिटं सोडली. कोणी येऊ शकलं नाही तर अॅक्नॉलेजमेंट अनघाताई वाचतील.

स्लाईडवर 'बुनुरोंग' टाकलंय. सेंट किल्डाच्या पिकनिकचं बॅनरही सुहासने बदलायचं आहे, त्याची फाइल त्याच्याकडेच आहे.

लॉनवर खुर्च्या लागतील, ज्येष्ठांसाठी निदान पन्नास. हॉलच्या खुर्च्या बाहेर न्यायला परवानगी नाही. कोणाकडे घडीच्या असतील तर मला थेट मेल करा, लिस्टवर नको.

मंजिरी