नूवो ड्रायव्हरवर जीटीएक्स १०६० इतकं मंद का?

भूमितीवाली:
नमस्कार. मी दहावीला भूमिती शिकवते आणि वर्गासाठी ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये छोटी ॲनिमेशन बनवते. शंकू तिरका कापला की लंबवर्तुळ कसं मिळतं, वृत्तचितीत गोल कसा बसतो, असलं. मशीनमध्ये एनव्हिडियाचं ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आहे. परवा डेबियन लिनक्स नव्याने टाकलं आणि या वेळी ठरवून एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर टाळला, नूवो या खुल्या ड्रायव्हरवरच राहिले.

डेस्कटॉप छान चालतोय, दोन्ही मॉनिटर आपोआप लागले. पण सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडरिंग इंजिनमध्ये, जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) निवडताच येत नाही. जी फ्रेम दीड मिनिटात व्हायची ती आता प्रोसेसरवर अकरा मिनिटं घेते. नुसता शंकू फिरवला तरी दृश्य अडखळतं, आणि कार्डाचा पंखा मात्र वेग घेतच नाही.

मुलांना मी एकही पायरी गाळू देत नाही. माझ्याच मशीनमधला एक भाग उघडून वाचता येत नाही, हे मला मनापासून टोचतं. म्हणून विचारते: नूवोवर काम करणारी माणसं कमी पडतात म्हणून हे असं आहे का? थोडं थांबले तर सुधारेल?

कर्नलवेडा:
ताई, पंख्याचं तुम्ही बरोबर हेरलंत. कार्ड सुरू होतं तेव्हा त्याचा क्लॉक (कामाचा वेग) अगदी खाली असतो, तो चढवणं ड्रायव्हरचं काम. तुमच्या कार्डाचा मूळ क्लॉक १५०६ मेगाहर्ट्झ, पण नूवो तिथपर्यंत पोचूच शकत नाही. व्होल्टेज आणि क्लॉक सांभाळणारा एक छोटा नियंत्रक चिपमध्येच असतो. २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून तो फक्त एनव्हिडियाची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम) स्वीकारतो. चित्र काढण्यापुरतं सही केलेलं फर्मवेअर नंतर मिळालं, क्लॉक चढवायचं तुमच्या पिढीसाठी मिळालं नाही.

त्यामुळे माणसं कमी पडली असं म्हणू नका. त्यांनी कागदपत्रांशिवाय, कार्डाचं वागणं निरखून हा ड्रायव्हर उभा केला आणि २०१० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे २.६.३३ कर्नलमध्ये, आणला. जीटीएक्स ९०० च्या आधीच्या केप्लर पिढीच्या कार्डांवर नूवोला क्लॉक चढवताही येतो.

सायकल्सचं कारण वेगळं. एनव्हिडिया कार्डावर त्याला कुडा किंवा ऑप्टिक्स (कार्डावर गणित चालवायची एनव्हिडियाची साधनं) लागतं, आणि ती बंदिस्त ड्रायव्हरसोबतच येतात.

भूमितीवाली:
म्हणजे कोड लिहून सुटणारी ही गोष्टच नाही. मग २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चालणारा भाग) खुले केले, त्याचा १०६० ला काहीच उपयोग नाही?

कर्नलवेडा:
नाही. ते टुरिंग (१०६० नंतरची पिढी) आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. त्यांच्यात जीएसपी नावाचा प्रोसेसर असतो, क्लॉकचं काम तोच बघतो. जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलपासून नूवोही जीएसपीचं फर्मवेअर वापरू शकतो, आणि मेसा या खुल्या ग्राफिक्स संचात व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेससाठी एनव्हीके हा ड्रायव्हर आहे. टुरिंग कार्डावर नूवो आता खरोखर वापरण्याजोगा झालाय, मला याचा फार आनंद आहे. सायकल्सची अडचण मात्र तिथेही तशीच.

मेसा_वाचक:
रेंडरिंग हेच मुख्य काम असेल तर एएमडीच्या कार्डाचा विचार करा. त्यांनी २००७ पासून कार्डांची तांत्रिक कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ मध्ये ४.२ कर्नलमध्ये आला. लिनक्सवर सायकल्स ब्लेंडर ३.२ पासून एचआयपीमार्फत (एएमडीचं कुडासारखं साधन) चालतं, फक्त जुनी कार्डं त्यात धरलेली नाहीत. फर्मवेअर इथेही बायनरीच, म्हणजे वाचता न येणारं, असतं, हे आधीच सांगतो, म्हणजे नंतर फसल्यासारखं वाटणार नाही. डेबियन १२ पासून इन्स्टॉलर ते स्वतःच टाकतो.

आणि १०६० वर बंदिस्त ड्रायव्हर टाकायचाच असेल तर ५८० ही त्या पिढीला चालणारी शेवटची शाखा आहे. त्यापुढची टाकू नका.

भूमितीवाली:
दोघांचे खूप आभार. आता पायऱ्या जुळल्या. चाचणी परीक्षेआधी शंकूचं ॲनिमेशन संपवायचं आहे, म्हणून तेवढ्यापुरता बंदिस्त ड्रायव्हर टाकते. नवं कार्ड घ्यायची वेळ आली की आधी एचआयपीला चालणाऱ्या कार्डांची यादी बघेन. मेसा_वाचक, तुम्ही स्वतः एएमडीवर सायकल्स चालवता का? मोठ्या दृश्यात मेमरी पुरते का, तेवढं सांगा.