बिझनेस पीएचडीला अप्लाइड स्टॅटिस्टिक्सचा मायनर: कोर्स कोणते घ्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत मार्केटिंगमध्ये पीएचडी करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. आमच्याकडे बाहेरच्या डिपार्टमेंटमधून १२ क्रेडिट्सचा, म्हणजे चार कोर्सेसचा मायनर (दुय्यम विषय) सक्तीचा आहे. त्या डिपार्टमेंटचे एक प्राध्यापक कमिटीवर बसतात, त्यामुळे नुसते कोर्स उरकून सुटका नाही. बरेच जण सायकॉलॉजी किंवा इकॉनॉमिक्स घेतात. मला स्टॅटिस्टिक्सच घ्यायचंय. घोडं अडलंय ते कोर्स निवडण्यावर.

पार्श्वभूमी: पुण्यातून मेकॅनिकल, मग एमबीए, मग सेल्समध्ये नोकरी. एम-थ्री (इंजिनिअरिंगचं तिसरं गणित) पास झाले त्यानंतर इंटिग्रेशनचं तोंड पाहिलेलं नाही.

पर्याय दोन. एक, अप्लाइड वाट: रिग्रेशन, डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स, मल्टिव्हेरिएट, मिक्स्ड मॉडेल्स (गटागटांत विभागलेल्या डेटासाठी). दुसरी, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सची दोन सेमिस्टरची जोडी. आधी प्रोबॅबिलिटी, मग इन्फरन्स (नमुन्यावरून निष्कर्ष काढणं). ती घेतली की चारातले दोन कोर्स तिथेच संपले. अ‍ॅडव्हायजर म्हणतात, पेपरला लागेल तेवढंच शिक. स्टॅटवाले म्हणतात, पाया कच्चा ठेवून मिक्स्ड मॉडेल्सना हात लावू नको. (ही मंडळी बिझनेसवाल्यांकडे जरा वरूनच बघतात. टी-टेस्टमागचा १९०८ चा पेपर लिहिणारा गॉसेट गिनेसच्या दारूभट्टीत नोकरीला होता, हे सोयीस्कर विसरतात!)

माझी खरी अडचण सांगते. डेटा एका किराणा साखळीचा आहे. ४० दुकानं, त्यातल्या निम्म्यांत कुपन दिलं, कोणत्या ते रँडम ठरवलं. ग्राहकांच्या ओळी मात्र लाखांत. प्रत्येक ओळ स्वतंत्र धरली तर पी-व्हॅल्यू (कुपनचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ च्याही खाली. दुकानाप्रमाणे क्लस्टर केलं (एका दुकानाच्या ओळी एक गट धरल्या) की स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) फुगतो आणि तीच ०.०९ वर जाते. कुपन दुकानाला मिळालंय, ग्राहकाला नाही, आणि एका दुकानातली गिऱ्हाइकं एकमेकांसारखी वागतात, एवढं कळतं. पण आर या सॉफ्टवेअरमधली एक ओळ बदलल्यावर हे नेमकं कसं घडतं, ते प्रिलिमला (पीएचडीच्या पात्रता परीक्षेला) फळ्यावर मांडता आलं पाहिजे. ते कोणत्या वाटेने येईल?

आणखी एक. किंमत दुकानदार मागणी बघूनच ठरवतो, म्हणजे एंडोजेनिटी आली (किंमतीमुळे मागणी बदलली की मागणीमुळे किंमत, हे वेगळं करता येत नाही). आमच्या जर्नल्सचे रिव्ह्यूअर आधी तिथेच बोट ठेवतात, आणि स्टॅटच्या कोर्सेसमध्ये तिचा उल्लेखही नाही. मग हा प्रश्न हाताळणारं इकोनोमेट्रिक्स कुठे बसवू?

ज्यांनी असा मायनर केलाय त्यांनी कृपया लिहा. फॉर्म या सेमिस्टरलाच भरायचा आहे.

प्रतिसाद: पोहेवाला

इकोनोमेट्रिक्स मायनरमध्ये घालूच नका. बिझनेस पीएचडीला रिसर्च मेथड्सचे वेगळे क्रेडिट्स असतात, तिथे बसतंय का विचारा. माझं बसलं होतं. मायनरमध्ये डिझाइन आणि मिक्स्ड मॉडेल्स डोळे झाकून घ्या, तुमचा प्रश्न तिथलाच आहे. मल्टिव्हेरिएट सोडलंत तरी चालेल. त्यातलं फॅक्टर अ‍ॅनालिसिस लागलंच तर सायकॉलॉजीवाले जास्त चांगलं शिकवतात.

प्रतिसाद: निळी_शाई

थोडी असहमत. क्लस्टर्ड स्टँडर्ड एररचं गणित क्लस्टर्सची संख्या मोठी असेल तेव्हा खरं ठरतं. ओळी लाख असोत, तुमच्याकडे क्लस्टर ४०. म्हणजे काठावर. वाइल्ड क्लस्टर बूटस्ट्रॅप (क्लस्टर कमी असताना पी-व्हॅल्यू काढायची पद्धत) चालवून बघा. तो का लागतो हे इन्फरन्सशिवाय कळणार नाही, सॉफ्टवेअर फक्त आकडा देईल. मी फायनान्सची, दोन्ही सेमिस्टर केली. पहिलं रडतरडत, दुसरं आवडलं.

धागाकर्ती

दोघांचे आभार. मेथड्सचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच को-ऑर्डिनेटरना मेल टाकते. स्टॅटच्या मायनरवर स्टेम ओपीटी (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्रीनंतर अमेरिकेत काम करण्याची वाढीव परवानगी) मिळतो का, कोणाला माहीत आहे?

प्रतिसाद: पोहेवाला

नाही, मायनर धरत नाहीत, डिग्री लागते. वाटेत स्टॅटचं मास्टर्स पदरात पाडता येत असेल तर वेगळी गोष्ट. पण मग थिअरीची जोडी बहुतेक ठिकाणी चुकत नाही. तेव्हा फॉर्म भरण्याआधी मास्टर्सची यादी मागवून घ्या आणि चारही कोर्स त्यात मोजले जातील असेच निवडा.